तिकडं असं नसतं

दापोडीचा हॅरिस पूल ओलांडून जुन्या मुंबई रस्त्यानं चिंचवडकडे निघालं की अर्ध्या तासात निम्मा स्वीडन लागतो. दापोडीत सँडविक, अल्फा लावल, अ‍ॅटलास कॉप्को. पुढे चिंचवडला एसकेएफ. वाट वाकडी करून चाकणला गेलात तर टेट्रा पॅक. यातल्या एका कंपनीच्या पत्त्यात तर चक्क ‘स्वेआनगर’ आहे, आणि ते दापोडीत आहे. या कंपन्यांनी आपल्या भागाला बेअरिंगं दिली, टूल्स दिली, कॉम्प्रेसर दिले आणि एक माणूस दिला, स्वीडनला जाऊन आलेला. हा माणूस तिथं सहा-आठ महिने राहिलेला असतो. परत येऊन त्याला तीस-चाळीस वर्षं झालेली असतात. पण परतीचं विमान त्याच्यापुरतं अजून उतरलेलं नसतं.

आमच्या संत तुकारामनगरच्या सोसायटीतले स्वीडनकाका हे या जातीतले अव्वल. त्यांचं खरं नाव खाली पाटीवर आहे, पण कुरियरवाला पोरगाही ‘स्वीडनवाले कुठं राहतात?’ असंच विचारतो. 1986 च्या सप्टेंबरात, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कंपनीनं त्यांना ट्रेनिंगसाठी सँडविकेनला धाडलं. 1987 च्या मेमध्ये ते परतले. त्याआधीची चोवीस वर्षं आणि नंतरची जवळजवळ चाळीस ही त्यांच्या लेखी किरकोळ भर आहे.

त्यांचं पालुपद एकच. लिफ्ट बंद पडली, दुधाची पिशवी गळाली, नाशिक फाट्याला गाडी अडकली, की काका मान हलवतात आणि म्हणतात, “तिकडं असं नसतं.” डास चावला तरी तेच. आता स्वीडनमध्ये उन्हाळ्यात डासांचे थवे असतात हे आम्ही पुढे वाचलं, पण काका उन्हाळ्यात तिथं नव्हतेच. त्यांचा स्वीडन सप्टेंबरात सुरू होतो आणि मेमध्ये संपतो, आणि त्यात डास नाहीत. थंडी मात्र आहे. 1987 चा जानेवारी तिकडच्या हिशेबानंही कडाक्याचा होता. आम्ही लहान होतो तेव्हा काकांनी तो उणे अठरा सांगितला होता. त्यानंतर दर गणपतीत तो अंशा-दोन अंशांनी उतरत गेला आणि गेल्या वर्षी उणे छत्तीसला टेकला. काकूंचं म्हणणं, आणखी दहा वर्षं जगले तर हे तिथं गोठून मेले होते असं निघेल.

सात म्हणजे सात ही त्यांची दुसरी खोड. पिंपरीत कुणी ‘सातला या’ म्हटलं तर यजमान साडेसातला आंघोळीला जातो. काका पावणेसातला तुमच्या इमारतीखाली पोचलेले असतात. वर येत नाहीत, कारण तिकडं लवकर जाणंही उद्धटपणाचं. पार्किंगमध्ये घड्याळ बघत उभे राहतात आणि सातच्या ठोक्याला बेल वाजवतात. लग्नाला गेले तर मंगल कार्यालयात खुर्च्या मांडणाऱ्या पोरांना ओळी सरळ करून देतात. त्या पोरांशी त्यांची चांगली ओळख झाली आहे.

दिव्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. स्वीडनमध्ये 1977 पासून दिवसाढवळ्याही गाडीचे दिवे चालू ठेवायची सक्ती आहे. काकांनी परतल्याबरोबर हा कायदा आपल्या बजाज चेतकला लागू केला. मेचं ऊन, डांबर वितळतंय, आणि काका हेडलाइट लावून कासारवाडीतून चाललेत. समोरून येणारा प्रत्येक भला माणूस हात उंचावून पंजा उघडमीट करायचा: दिवा चालू आहे, दिवा! काका मान झुकवून नमस्कार करायचे. सिग्नलला रिक्षावाले वाकून बटण दाखवायचे. एकदा तर एका आजोबांनी परस्पर हात घालून दिवा बंद केला आणि “बॅटरी उतरंल, बाळा,” असं बजावलं. तीस वर्षं हे चाललं. मग 1 एप्रिल 2017 ला आपल्या सरकारनं दुचाकींसाठी तोच नियम आणला आणि चाकणच्या कारखान्यांतून निघणाऱ्या नव्या गाड्यांना दिवा बंद करायचं बटणच उरलं नाही. काकांनी सोसायटीत पेढे वाटले. तारीख एक एप्रिल असल्यामुळे निम्म्या लोकांनी पेढा आधी हुंगून पाहिला. चार महिन्यांनी मला जिन्यात भेटले, तर जरा पडलेले दिसले. म्हणाले, “आता रस्त्यात कुणी बोलतच नाही रे.”

सुधारणेचा त्यांचा दुसरा प्रयोग गच्चीवर झाला. तिकडं इमारतीच्या तळघरात सगळ्यांना मिळून एक धुण्याची खोली असते. आपली वेळ आधी नोंदवायची, त्या वेळेतच धुवायचं. कुणी वेळ ओलांडली तर माणसं तोंडानं अवाक्षर काढत नाहीत, चिठ्ठी चिकटवतात. काकांनी हे तत्त्व वाळवणाला लावलं. गच्चीच्या दाराशी दोरीनं वही टांगली. तारीख, वेळ, फ्लॅट नंबर, वाळवणाचा प्रकार. पहिल्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी अख्खा एप्रिल स्वतःच्या नावे लावला. तिसऱ्या दिवशी प्रकाराच्या रकान्यात कुणीतरी ‘नणंद’ लिहिलं. आठवड्यानं ती वही कावळ्यांपासून साबुदाण्याच्या पापड्या झाकायला वापरलेली सापडली. मग काका चिठ्ठ्यांवर आले. ‘ज्या कोणाच्या कुरडया सकाळी सातपूर्वी मांडल्या जात आहेत त्यांनी इतरांचा विचार करावा.’ खाली सही नाही. पण अक्षर ड्रॉइंग बोर्डावर घोटलेलं, सगळी वस्ती ओळखते. दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर उत्तर होतं: ‘काका, डबाभर कुरडया काकूंकडे दिल्यात. तळून घ्या.’ काकांनी तळून खाल्ल्या, आणि चिठ्ठी नियमाप्रमाणे काढून टाकली.

आता हॉकी. ही सांगितल्याशिवाय काका कळत नाहीत.

काका मूळचे खडकीचे. वडील तिथल्या दारूगोळा कारखान्यात. खडकीतलं पोर चालायला लागतं ते स्टिक धरूनच. आज खडकीत ज्याला विचाराल तो कधी ना कधी धनराज पिल्लैबरोबर खेळलेला असतो. चार ऑलिंपिक खेळलेल्या माणसाला एवढे सोबती असणारच. काका त्याच्याहून सहा वर्षांनी मोठे, म्हणून ते ‘बरोबर खेळलो’ म्हणत नाहीत, ‘लहानपणी पाहिलाय’ म्हणतात, आणि असं म्हणतात की त्यातच काहीतरी शिकवल्यासारखं वाटावं. स्वतः काका सेंटर हाफ. स्वीडनला निघताना बॅगेत मेतकूट, चिवडा, थर्मल अंडरवेअर आणि गोधडीत गुंडाळलेली जालंधरची स्टिक होती. स्टॉकहोमच्या कस्टमवाल्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि काही न विचारता परत दिली. मागं वळून पुन्हा एकदा पाहिलं म्हणतात.

सँडविकेनला पोचून महिना होतो न होतो तोच लंडनला हॉकीचा विश्वचषक झाला. 1986 चा तो विश्वचषक आठवणीत ठेवावा असा नाही. बारा संघांत भारत बारावा. अकरावा पाकिस्तान. सँडविकेनच्या पेपरात याची एक ओळ नव्हती. काकांना बातमी कळली ती वडिलांच्या पत्रातून, स्पर्धा संपून गेल्यावर. ते दिवसभर मशीनवर तोंड पाडून उभे. टूल रूमच्या म्हाताऱ्या फोरमननं विचारलं, घरी सगळं ठीक ना? काका म्हणाले, आम्ही हॉकीत हरलो. फोरमननं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, वाईट वाटून घेऊ नकोस, तुमच्याकडे बर्फ तरी कुठं असतो.

तिकडं नुसतं हॉकी म्हटलं की ती बर्फावरचीच, हे काकांना ठाऊक नव्हतं. आणि हा मुलगा आपल्या जिल्ह्याकडून हॉकी खेळलाय, एवढंच फोरमनला ठाऊक होतं. शनिवारी त्यानं काकांना गाडीत घालून येव्लेला नेलं. हे येव्ले म्हणजे सँडविकेनच्या शेजारचं बंदराचं शहर. काका आजही ‘दर शनिवारी येव्लेला जायचो’ म्हणतात आणि नवा माणूस हमखास विचारतो, ‘पैठणी घ्यायला?’ येव्लेचा ब्रिनेस हा क्लब तिकडं मोठा. तिथूनच ब्योरिये साल्मिंग हा खेळाडू 1973 मध्ये टोरांटोला जाऊन नाव काढून बसला होता. त्या मुलखात काकांच्या पायांत पोलादी पात्यांचे बूट चढवले, डोक्यावर शिरस्त्राण घातलं आणि बर्फावर सोडलं. काकांच्या हातात जालंधरची स्टिक होती. पुढचं काका स्वतः सांगत नाहीत, काकू सांगतात. एका सहा वर्षांच्या मुलीनं त्यांना हाताला धरून कठड्यापर्यंत आणलं.

त्या कठड्यापाशी बाकावर एक अमेरिकन पोरगा बसला होता. मिनेसोटाचा, काकांहून दोन-चार वर्षांनी लहान, गुडघा बांधलेला. कुठल्याशा छोट्या क्लबानं त्याला खेळायला आणलं होतं. राहायला खोली, जेवायला पैसे, आणि बोलायला कुणी नाही. तिकडची माणसं वाईट नसतात, पण ओळख व्हायला एक हिवाळा घेतात, आणि याचा करारच एका हिवाळ्याचा. दुपारी तीनच्या आत अंधार पडतो, फोन लावला तर दोन मिनिटांत आठवड्याचे पैसे जातात, दुकानातल्या डब्यावर काय लिहिलंय ते कळत नाही म्हणून त्यानं दोनदा माशांच्या अंड्यांची पेस्ट टूथपेस्टसारखी ट्यूब बघून घरी आणली होती. काकांनी चिवडा काढला. एक म्हणाला मी डिफेन्समन, दुसरा म्हणाला मी सेंटर हाफ, आणि दोघांनीही समोरच्याचा खेळ आपल्याला समजला असं धरून मान डोलावली. पुढचे कितीतरी शनिवार हे दोघे त्या बाकावर बसले. काकांच्या सगळ्या स्वीडनमध्ये पोटभर बोलायला मिळालेला माणूस हा एकच, आणि तो स्वीडिश नव्हता, हे काकांच्या कधी ध्यानात आलं नाही. जाताना त्यानं काकांना एक काळी रबरी चकती दिली, त्यांच्या खेळातली. ती काका शोकेसमध्ये ठेवतात आणि काकू फ्रीजच्या पायाखाली ठेवतात. ज्या दिवशी तुम्ही जाल त्या दिवसावर आहे.

बर्फावरच्या हॉकीनं काकांचा अपमान केला, तो धुऊन काढला बँडीनं. फोरमनला आपली चूक कळली असावी. एका रविवारी तो त्यांना गावातल्याच येर्नवालेन मैदानावर घेऊन गेला. उघडं मैदान, फुटबॉलच्या मैदानाएवढा बर्फ, त्यावर अकरा-अकरा माणसं, वाकड्या स्टिका, छोटा केशरी चेंडू. पंचेचाळीस मिनिटांचे दोन डाव. काका उभेच राहिले. ही तर आपली हॉकी, फक्त जमिनीची फरशी झालेली! ते ओरडायला लागले. स्वीडिश माणूस खेळ बघतानासुद्धा शेजाऱ्याची झोप मोडू नये अशा बेतानं बघतो. त्या शांततेत खडकीचा आवाज घुमला: “राइटला दे! राइट खाली आहे!” मग एका खेळाडूनं स्टिकच्या उलट्या बाजूनं चेंडू मारला आणि काका कठड्यावर चढले. “फाऊल! उलटी बाजू! फाऊल!” बँडीत दोन्ही बाजू चालतात. हे त्यांना नीट समजावून देण्यात आलं. त्यांना ते आजही मान्य नाही.

पण मन बसलं. कारखान्याची पोरं गोठलेल्या स्टूरश्योन तळ्यावर खेळायची, तिथं काका गमबूट घालून गोलात उभे राहू लागले. सेंटर हाफ म्हणून गेलेला माणूस गोलकीपर होऊन आला.

आणि बँडीच्या मैदानावरूनच ती ब्रीफकेस आली. तिथले जुने प्रेक्षक मॅचला तपकिरी ब्रीफकेस घेऊन येतात. आत कागद नसतात. थर्मासमध्ये कॉफी असते, खायला काहीतरी असतं, आणि कॉफीत घालायला एक लहान बाटली असते. काकांची ब्रीफकेस रेक्झिनची, पिंपरी कॅम्पातली. 2021 च्या डिसेंबरात नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर वरिष्ठ पुरुषांची राष्ट्रीय हॉकी स्पर्धा झाली, तेव्हा काकांनी रजा काढली आणि रोज ब्रीफकेस घेऊन हजर. दुपारचं कडकडीत ऊन आणि यांच्या गळ्यात मफलर. गेटवरच्या सिक्युरिटीनं पहिल्या दिवशी ब्रीफकेस उघडायला लावली. थर्मास, चिवडा, वेलदोडा घातलेले पाव, आणि लहान बाटली. सिक्युरिटीनं बाटली वर धरून वास घेतला. कोकम सरबत. काकूंनी भरलेली होती.

वेलदोड्याच्या पावांवर मात्र माझा काकांना पूर्ण पाठिंबा आहे. आपला वेलदोडा आपण श्रीखंडात आणि बासुंदीत घालतो, त्यांनी तो पावात घातला, आणि कॉफीबरोबर तो पाव खावा तर तिकडचा. काकांकडे दुपारी तीनला कॉफी असते. काम थांबवून, खाली बसून, गप्पा मारत घ्यायची. तीन म्हणजे तीन. मिस्त्री नळ दुरुस्त करत असला तरी त्याला पाना खाली ठेवायला लावतात. परिसरातले सगळे प्लंबर म्हणूनच काकांकडे अडीचला येतात.

काकांच्या परतण्याचा मुहूर्त तेवढा चुकला. 1987 च्या 16 एप्रिलला स्वीडिश रेडिओनं बोफोर्स तोफांच्या दलालीची बातमी फोडली आणि मेमध्ये काका पिंपरीत उतरले. कुठं सँडविकेन, कुठं बोफोर्सचं कार्लस्कोगा, पण आपल्याकडे एवढा भूगोल कोण पाहतो? बस स्टॉपवर, दाढीच्या दुकानात, कंपनीच्या बसमध्ये एकच प्रश्न: “काय साहेब, तुमचे किती?” काकांनी आणलेली नवी सूटकेस बघायला लोक घरी येऊन गेले. त्यांचं लग्न त्याच वर्षी ठरलं. मुलीकडच्या एका मामांनी बैठकीत चाचपून पाहिलं होतं, की तिकडचं काही लफडं नाही ना. मामांना गोरी बाई अभिप्रेत होती, काका तोफेवर खुलासा देत बसले.

स्वीडनची ही सगळी पोथी ऐकून बावरलेल्या नव्या सुनांना काकू कधीतरी आत नेतात आणि कपाटातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडतात. काकांनी तिकडून आईला पाठवलेली पत्रं त्यात आहेत. सासूबाईंनी जपली, मग काकूंनी. मीही ती वाचली आहेत. त्यात सूर्य तीनच्या आत मावळतो असं नाही, बँडी नाही, वेळेचा काटेकोरपणा नाही. एका पत्रात खडकीच्या मैदानाला पाणी मारलं का, ही चौकशी. एकात आमटीला फोडणी देताना आधी हिंग की आधी हळद. एकात फोरमनचा उल्लेख आहे, पण तो असा: ‘इथल्या फोरमनला मी सांगितलं की आमच्याकडं असं नसतं.’ आठ महिने त्या बिचाऱ्या म्हाताऱ्यानं दापोडी, खडकी आणि कयानीची श्रुसबेरी बिस्किटं ऐकली असणार. त्यानंही कुणाला तरी आत नेऊन काहीतरी दाखवलं असेल.

येव्लेचा बोकड तेवढा एका पत्रात आहे. 1966 पासून तिकडं नाताळच्या आधी चौकात पेंढ्याचा दोन-तीन माणसं एकावर एक उभी राहतील त्याहून मोठा बोकड उभा करतात आणि कितीतरी वेळा कुणीतरी रात्री येऊन तो पेटवून देतो. पोलीस पहारा देतात, तरी पेटतो. काकांनी आईला लिहिलंय, ‘इथं शिमगा डिसेंबरात असतो. जाळतात, पण बोंब कुणी मारत नाही. मग जाळायचं कशाला?’

गेल्या वर्षी काकांचा पुतण्या गोथेनबर्गला गेला, मोटारींच्या कंपनीत. काका महिनाभर त्याची तयारी करून घेत होते. त्याला जुन्या दहा क्रोनरच्या नोटा दिल्या, ज्या तिकडं कधीच्याच रद्द झाल्या आहेत, आणि नव्या नोटाही आता कुणी फारशा वापरत नाही. मेतकूट दिलं. पोरानं सांगितलं की तिथं दुकानात मेतकूट मिळतं, काकांनी विश्वास ठेवला नाही. तिथून त्याचे फोन येतात: मराठी मंडळ आहे, गणपती बसतो, रविवारी क्रिकेट असतं, शेजारी निगडीचाच एक जण राहतो. काका हे ऐकताना घरचं कुणी बिघडल्याचं ऐकावं तसे बसलेले असतात. एकदा म्हणालेच, “मग हा स्वीडनला गेला कुठं?”

परवा रविवारी मी त्यांच्याकडे तीनच्या कॉफीला होतो, तेव्हा व्हिडिओ कॉल आला. पोरानं कौतुकानं खिडकीबाहेरचा बर्फ दाखवला.

“किती आहे?” काकांनी विचारलं.

“उणे चार.”

“हॅट्. उणे चारला आम्ही कानटोपी काढायचो. हे बघ, तू असं कर, सँडविकेनला जाऊन ये एकदा. आता बँडीला मोठं छप्पर घातलंय त्यांनी, 2009 ला. हॉलमध्ये बसून बघतात म्हणे. काय राहिलं त्यात? पण तू जुनं येर्नवालेन बघून ये.”

“काका, पाचशे किलोमीटर आहे इथून.”

“तिकडं पाचशे म्हणजे काही नाही रे. गाडी काढायची, दिवे लावायचे—”

“अहो,” काकू आतून म्हणाल्या, “तुम्ही लावलेत तेवढे दिवे पुरे. त्याला आधी जेवू दे.”